जॉन लोगी बेअर्ड : घराघरात टीव्ही आणायला निघालेला आणि शर्यत हरलेला माणूस

नवा टीव्ही घ्यायला दुकानात गेलं की तीन प्रश्न हमखास समोर येतात. स्क्रीन किती इंची घ्यायची? फुल एचडी की फोरके? आणि घरी तो किती अंतरावरून बघायचा? हे प्रश्न आजचे वाटतात, पण घरात टीव्ही आणणाऱ्या अगदी पहिल्या ग्राहकांनाही ते पडले होते. 1930 साली ब्रिटनमध्ये जो टीव्ही विकत मिळायचा, त्याचं चित्र आजच्यासारखं आडवं नव्हतं. ते उभं आणि अरुंद होतं, मोबाईल उभा धरून काढलेल्या व्हिडिओसारखं. मूळ चित्राची उंची जेमतेम 5 सेंटीमीटर होती आणि त्यात 30 रेषा होत्या.

हा टीव्ही बनवणारा माणूस म्हणजे जॉन लोगी बेअर्ड. चालत्या-बोलत्या माणसाचा चेहरा दूरवर पाठवून लोकांना प्रत्यक्ष दाखवण्याचा मान त्याच्याकडे जातो. पण आज आपल्या भिंतीवर असलेल्या टीव्हीत त्याच्या यंत्राचा एकही भाग नाही. असं का झालं, हे त्याच्या आयुष्याकडे बघितलं की कळतं. आणि टीव्ही निवडताना नक्की काय बघायचं, तेही त्यातूनच उलगडत जातं.

पाद्र्याच्या घरातला खटपट्या मुलगा

बेअर्डचा जन्म 13 ऑगस्ट 1888 रोजी स्कॉटलंडमधल्या हेलन्सबर्ग या समुद्रकाठच्या गावात झाला. वडील चर्चमध्ये पाद्री होते. चार भावंडांत जॉन सर्वांत धाकटा. लहानपणी तो मोठ्या आजारातून उठला आणि तेव्हापासून त्याची तब्येत कायमची नाजूक राहिली. थंडी वाजली की तो आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळायचा.

अंगात ताकद नसली तरी डोकं मात्र शांत बसत नव्हतं. शाळकरी वयातच त्याने आपल्या घरातून मित्रांच्या घरांपर्यंत तारा ओढून स्वतःचं छोटं टेलिफोन एक्स्चेंज उभं केलं. एका वादळी रात्री त्यातली एक तार खाली लोंबली आणि रस्त्याने जाणारा घोडागाडीवाला तिच्यात अडकला. तिथेच ते एक्स्चेंज बंद पडलं. मग त्याने तेलाच्या इंजिनावर जनित्र चालवून घरात विजेचे दिवे लावले.

पुढे तो ग्लासगोच्या तंत्रशिक्षण महाविद्यालयात शिकायला गेला. तिथे त्याच्या काळात जॉन रीथ नावाचा आणखी एका पाद्र्याचा मुलगा शिकत होता. हाच रीथ पुढे बीबीसीचा प्रमुख होणार होता आणि बेअर्डला त्याच्याच दारात उभं राहावं लागणार होतं. बेअर्डने त्यानंतर ग्लासगो विद्यापीठातही शिक्षण सुरू केलं, पण पहिलं महायुद्ध आलं आणि ते अर्धवट राहिलं. सैन्याने त्याला तब्येतीमुळे नाकारलं. मग त्याने एका वीज कंपनीत नोकरी धरली. तिथे असताना कोळशाच्या कांडीत प्रचंड वीज सोडून कृत्रिम हिरा तयार करायचा प्रयोग त्याने केला. हिरा झाला नाही, पण परिसरातली वीज गेली.

मोजे, जॅम आणि साबण

नोकरीत जीव रमत नव्हता. स्वतःचे पाय सतत गार पडतात या त्रासातून त्याला एक धंदा सुचला. नेहमीच्या मोज्यांच्या आत घालायचे पातळ मोजे त्याने बाजारात आणले. ते चांगले खपले आणि नोकरीपेक्षा जास्त पैसे मिळाले. पण तब्येतीने पुन्हा दगा दिला. गरम हवेत बरं वाटेल म्हणून 1919 मध्ये तो वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर गेला. तिथे फळं आणि साखर स्वस्त, म्हणून त्याने जॅम करायचा घाट घातला. कढईच्या वासाने किड्यांचे थवे येऊन पडू लागले आणि धंदा बुडाला. लंडनला परतल्यावर त्याने साबण विकला. तोही बरा चालला, पण पुन्हा आजारपण आलं आणि धंद्यातून बाहेर पडावं लागलं.

1923 साली तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्ज गावी हवापालटासाठी गेला. वय 35 होत आलेलं, हाताला काम नाही, साठवलेले थोडेसे पैसे आणि एक जुनं वेड, एवढंच त्याच्यापाशी होतं. ते वेड म्हणजे तारेतून किंवा हवेतून चित्र पाठवणं.

बिस्किटाच्या डब्यांची प्रयोगशाळा

कल्पना त्याची एकट्याची नव्हती. पॉल निप्को या जर्मन तरुणाने 1884 मध्येच एका चकतीचं पेटंट घेतलं होतं. या चकतीवर गोगलगाईच्या शंखासारखी आत वळत जाणारी छिद्रांची ओळ असते. चकती फिरली की प्रत्येक छिद्र समोरच्या दृश्याची एक पट्टी टिपत जातं. पहिलं छिद्र पहिली पट्टी, दुसरं छिद्र तिच्या शेजारची. एका फेरीत पूर्ण चित्र होतं. पट्टीवरचा उजेड कमी-जास्त होईल तशी प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या घटातून वाहणारी वीज कमी-जास्त होते. दुसऱ्या टोकाला तशीच चकती त्याच वेगाने फिरवायची आणि त्या विजेवर एक दिवा लुकलुकवायचा. छिद्रं पुन्हा पट्ट्या मांडतात आणि डोळ्याला चित्र दिसतं.

कागदावर हे सोपं होतं, पण चाळीस वर्षांत कोणालाही या मार्गाने ओळखू येईल असा माणसाचा हलता चेहरा दाखवता आला नव्हता. घटातून येणारी वीज फारच क्षीण असायची.

बेअर्डने हेस्टिंग्जमध्ये चहाची पेटी, टोपीचा डबा, बिस्किटाचे डबे, सायकलच्या दिव्याची भिंगं, रफू करायच्या सुया, लाख आणि सुतळी यांतून यंत्र जोडलं. 1924 च्या सुरुवातीला त्याला हलत्या वस्तूंची सावली थोड्या अंतरावर पाठवता आली. त्याच वर्षी जुलैमध्ये काम करताना त्याला 1000 व्होल्टचा झटका बसला. हात भाजला, पण जीव वाचला. घरमालकाला मात्र एवढं पुरे झालं. त्याने जागा सोडायला सांगितलं.

मग लंडनच्या सोहो भागात, 22 फ्रिथ स्ट्रीट या पत्त्यावर, बेअर्डने माळ्यावरच्या दोन खोल्या घेतल्या. मार्च 1925 मध्ये सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानाने त्याला ग्राहकांसमोर प्रयोग दाखवायचे पैसे दिले. तीन आठवडे लोक रांग लावून धूसर सावल्या बघत होते. एखाद्या दुकानात ग्राहकांनी टीव्ही बघायची ही सुरुवात म्हणता येईल.

2 ऑक्टोबर 1925 रोजी सावलीच्या जागी खरा चेहरा आला. कॅमेऱ्यासमोर बोलक्या बाहुल्यांच्या खेळातलं स्टूकी बिल नावाचं डोकं ठेवलेलं होतं, कारण दिव्यांची उष्णता माणसाला सोसवणारी नव्हती. पडद्यावर त्या बाहुल्याचे डोळे, नाक, गालावरच्या छटा दिसल्या. बेअर्ड धावत खालच्या मजल्यावरच्या कचेरीत गेला आणि विल्यम टेंटन या विशीतल्या कर्मचाऱ्याला वर घेऊन आला. दिव्यांच्या झळा लागताच टेंटन मागे सरला, तेव्हा बेअर्डने त्याच्या हातावर अडीच शिलिंग टेकवून त्याला पुन्हा बसवलं. टीव्हीवर दिसलेला पहिला माणूस म्हणून टेंटनचं नाव नोंदलं गेलं.

26 जानेवारी 1926 रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सुमारे 40 सदस्यांनी त्या अरुंद खोल्यांत येऊन हा प्रयोग पाहिला. त्यानंतर बेअर्डचा वेग थक्क करणारा होता. 1927 मध्ये त्याने टेलिफोनच्या तारेवरून लंडनहून ग्लासगोला, म्हणजे 700 किलोमीटरवर, चित्र पाठवलं. फेब्रुवारी 1928 मध्ये रेडिओलहरींवरून अटलांटिकपार न्यूयॉर्कजवळ पाठवलं. त्याच वर्षी रंगीत चित्र आणि त्रिमिती चित्रही दाखवलं. चित्राचे संकेत ग्रामोफोनच्या तबकडीवर साठवायचे प्रयोगही त्याने याच काळात केले.

1930 साली टीव्ही घरी कसा लावायचे?

बेअर्डला प्रयोगशाळेतलं कौतुक नको होतं. टीव्ही लोकांच्या बैठकीच्या खोलीत पोहोचायला हवा होता. त्यासाठी प्रसारण हवं आणि प्रसारण बीबीसीच्या हाती. बीबीसीला आणि रीथला ही धूसर चित्रं दाखवण्यात फारसा रस नव्हता. बरीच रस्सीखेच झाल्यावर 30 सप्टेंबर 1929 पासून प्रायोगिक प्रसारण सुरू झालं, रोज थोडाच वेळ. सुरुवातीला एकच प्रक्षेपक मिळाल्यामुळे आधी चित्र दिसायचं आणि मग त्याचा आवाज ऐकू यायचा. 31 मार्च 1930 ला दुसरा प्रक्षेपक मिळाला आणि चित्र व आवाज एकत्र आले.

याच सुमारास बेअर्डच्या कंपनीचा टेलिव्हायझर बाजारात आला. किंमत सुमारे 26 पौंड. पत्र्याच्या गोलसर पेटीत सुमारे 50 सेंटीमीटर व्यासाची ॲल्युमिनियमची चकती, तिच्यामागे निऑनचा दिवा आणि एका बाजूला चित्र बघायची छोटी खिडकी. तो लावण्यासाठी ग्राहकाकडे चांगला रेडिओ असावा लागे. चित्रासोबत आवाजही हवा असेल तर दोन रेडिओ, एक चित्राच्या लहरीवर आणि दुसरा आवाजाच्या.

सगळ्यात कठीण काम पुढे असायचं. स्टुडिओतली चकती मिनिटाला 750 फेऱ्या मारत होती. घरातली चकती अगदी त्याच वेगाने फिरली नाही तर चित्र तिरकं होऊन सरकू लागायचं. वेग जुळला तरी चकतीची सुरुवात जुळली नाही तर कपाळ खाली आणि हनुवटी वर दिसायची. त्यासाठी वेगळी गुंडी फिरवावी लागे. हे सगळं जमलं की नारिंगी उजेडात, भिंगाआड, एक लुकलुकतं तोंड दिसायचं. एका वेळी एक-दोन जणांनाच ते नीट बघता यायचं. असे साधारण 1000 संच खपले. पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांच्या सरकारी निवासस्थानीही एक बसवला होता. जुलै 1930 मध्ये या छोट्या पडद्यावर पिरांदेल्लो या इटालियन लेखकाची एक नाटिका सादर झाली. ब्रिटनमधलं ते पहिलं टीव्ही नाटक.

चित्र उभं का होतं?

हातात 30 पट्ट्याच असतील तर त्या कुठे खर्च करायच्या, हा बेअर्डपुढचा प्रश्न होता. आडव्या चित्रात माणसाचा चेहरा मध्येच छोटा झाला असता आणि बाकीच्या पट्ट्या रिकाम्या भिंतीवर वाया गेल्या असत्या. माणूस उभा असतो, चेहरा उभट असतो. म्हणून त्याने पट्ट्या उभ्या घेतल्या आणि चित्राचं प्रमाण रुंदीला 3 तर उंचीला 7 ठेवलं. दुसरं म्हणजे 30 रेषांचं चित्र साध्या रेडिओलहरीत मावत होतं. जास्त रेषा म्हणजे जास्त माहिती, आणि ती वाहून न्यायला रेडिओवर तेवढी जागाच नव्हती.

पण मोठं चित्र हवं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जुलै 1930 मध्ये लंडनच्या कॉलिझियम नाट्यगृहात त्याने 2100 छोट्या दिव्यांचा पडदा उभा केला. 30 रांगा, प्रत्येकीत 70 दिवे. प्रत्येक दिवा म्हणजे चित्राचा एक ठिपका. आज सभेत किंवा लग्नात एलईडीचा जो मोठा पडदा लावतात, त्याचं तत्त्व हेच आहे. 1932 च्या डर्बी घोडशर्यतीच्या वेळी त्याने आणखी एक पाऊल टाकलं. उभ्या चित्रात घोड्यांची शर्यत मावणार कशी? त्याने तीन उभी चित्रं शेजारीशेजारी जोडली आणि मेट्रोपोल सिनेमागृहाच्या पडद्यावर साधारण 9 फूट रुंद, 7 फूट उंच दृश्य दाखवलं. कशाचं चित्र दाखवायचं आहे, त्यावर पडद्याचा आकार ठरतो, हे त्याला त्या शर्यतीने शिकवलं.

चकतीची मर्यादा

इथेच त्याच्या यंत्राची अडचण दिसते. खिडकीसमोर एका वेळी एकच छिद्र असायला हवं. म्हणजे चित्राची उंची दोन छिद्रांमधल्या अंतरापेक्षा जास्त होऊ शकत नाही. 50 सेंटीमीटर व्यासाच्या चकतीचा घेर सुमारे 150 सेंटीमीटर. त्यावर 30 छिद्रं, म्हणजे दोघांत 5 सेंटीमीटर. तेवढंच चित्र.

आजच्या 40 इंची टीव्हीच्या पडद्याची उंची सुमारे 50 सेंटीमीटर असते. तेवढं चित्र थेट चकतीवर हवं असेल तर ती 5 मीटर व्यासाची लागेल. मिनिटाला 750 फेऱ्या धरल्या तर तिच्या कडेचा वेग ताशी 700 किलोमीटरच्या घरात जाईल. अशी चकती कुणी घरात लावणार नाही. आणि हे फक्त 30 रेषांसाठी. रेषा वाढवायच्या तर छिद्रं वाढणार, त्यांच्यातलं अंतर कमी होणार आणि चित्र आणखी लहान होणार. भिंगं, आरसे लावून बेअर्डने वाट काढली, पण फिरणाऱ्या यंत्राची मर्यादा सुटली नाही.

दुसऱ्या मार्गाने निघालेले लोक चाक वापरतच नव्हते. काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनचा झोत विजेच्या आणि चुंबकाच्या जोरावर हवा तसा वळवता येतो. त्याला वजन जवळजवळ नाहीच, म्हणून सेकंदाला हजारो रेषा काढता येतात. अमेरिकेत फिलो फार्न्सवर्थ आणि व्लादिमीर झ्वोरिकिन, तर ब्रिटनमध्ये ईएमआय कंपनीत आयझॅक शोनबर्ग यांचा चमू यावर काम करत होता.

एक आठवडा याचा, एक आठवडा त्याचा

1931 मध्ये बेअर्डने न्यूयॉर्कमध्ये पियानोवादक मार्गारेट आल्बू हिच्याशी लग्न केलं. त्यांना पुढे एक मुलगी आणि एक मुलगा झाला. याच काळात कंपनी मात्र त्याच्या हातून निसटत होती. 1932 मध्ये ती गोमाँ-ब्रिटिश या सिनेमा कंपनीच्या ताब्यात गेली. नवे तंत्रज्ञ आले आणि बेअर्ड स्वतः घरातल्या प्रयोगशाळेत रंगीत आणि मोठ्या पडद्याच्या टीव्हीवर काम करू लागला.

सरकारने नेमलेल्या समितीने 1935 मध्ये दोन्ही पद्धती आजमावून बघायचं ठरवलं. 2 नोव्हेंबर 1936 रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीची नियमित टीव्ही सेवा सुरू झाली. एक आठवडा बेअर्ड कंपनीची 240 रेषांची पद्धत, पुढचा आठवडा मार्कोनी-ईएमआयची 405 रेषांची. पहिली पाळी कोणाची, यासाठी नाणं उडवलं. ते बेअर्डच्या बाजूने पडलं.

बाकी काहीच त्याच्या बाजूने पडलं नाही. त्याच्या कंपनीच्या एका पद्धतीत दृश्य आधी फिल्मवर घ्यायचे, फिल्म लगेच रसायनात धुवायचे आणि ओली असतानाच तिचं चित्र टिपून पाठवायचे. यात साधारण एक मिनिट जायचं आणि कॅमेरा जागचा हलवता यायचा नाही. ईएमआयचे कॅमेरे मात्र हलवता येत, बाहेर नेता येत. त्या वेळी संचाची किंमत 100 पौंडांच्या आसपास होती. फोर्डची सर्वांत स्वस्त मोटारही तेव्हा 100 पौंडांत येत होती. एवढे पैसे घालणाऱ्या ग्राहकाला दोन पद्धतींसाठी संचावरचं बटण आलटून-पालटून फिरवावं लागे आणि कोणत्या आठवड्यात चित्र स्वच्छ दिसतं, हे त्याला घरबसल्या कळत होतं.

30 नोव्हेंबर 1936 च्या रात्री क्रिस्टल पॅलेसला भीषण आग लागली. बेअर्ड कंपनीच्या प्रयोगशाळा तिथेच होत्या. त्यांचा मोठा भाग जळून गेला. जानेवारी 1937 च्या अखेरीस बेअर्ड पद्धतीचं शेवटचं प्रसारण झालं. त्यानंतर फक्त 405 रेषा राहिल्या.

1000 रेषांचं स्वप्न

इतकं झाल्यावर दुसऱ्या कोणी नाद सोडला असता. बेअर्डने चाकाचा हट्ट सोडला आणि काम चालू ठेवलं. फेब्रुवारी 1938 मध्ये त्याने लंडनच्या डोमिनियन थिएटरमध्ये 12 फूट रुंद पडद्यावर रंगीत टीव्ही दाखवला. 1 सप्टेंबर 1939 रोजी युद्धामुळे बीबीसीने टीव्ही बंद केला आणि त्याची कंपनी दिवाळखोरीत निघाली. उत्पन्न थांबलं. तरी तो स्वतःच्या खिशातून पैसे घालून, बॉम्बहल्ल्यांच्या काळात, लंडनच्या सिडनहॅम भागातल्या घरी प्रयोग करत राहिला.

16 ऑगस्ट 1944 रोजी त्याने टेलिक्रोम नावाची नळी पत्रकारांना दाखवली. आता तिच्यात फिरणारं काही नव्हतं. अभ्रकाच्या पातळ पत्र्याच्या एका बाजूला नारिंगी-लाल आणि दुसऱ्या बाजूला निळा-हिरवा थर होता आणि दोन्हींवर इलेक्ट्रॉनचे वेगवेगळे झोत पडत होते. पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक अशी रंगीत टीव्हीची ही पहिली चित्रनळी मानली जाते. युद्धानंतर ब्रिटनने कसा टीव्ही आणावा, यावर विचार करणाऱ्या सरकारी समितीला त्याने 1000 रेषांचा रंगीत टीव्ही सुचवला. देशाकडे पैसे नव्हते. 405 रेषांचा काळा-पांढरा टीव्हीच पुन्हा सुरू झाला.

तो दिवस होता 7 जून 1946. बेअर्ड तेव्हा समुद्रकाठच्या बेक्सहिल गावी पक्षाघातातून सावरायचा प्रयत्न करत होता. आठवड्याभराने, 14 जूनला, तो वारला. वय 57. त्याला हेलन्सबर्गला, आईवडिलांशेजारी पुरलं.

उभ्या चित्रापासून 16 बाय 9 पर्यंत

त्यानंतर पडद्याचा आकार हळूहळू बदलला. बीबीसीच्या 405 रेषांचं चित्र आधी 5 बाय 4 होतं. 1950 मध्ये ते 4 बाय 3 झालं. पुढे भारतातही तेच प्रमाण आलं, 625 रेषांचं. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, म्हणजे स्टूकी बिलचा चेहरा दिसला त्याला त्या दिवशी बरोबर 47 वर्षं झाली होती. टीव्हीमुळे प्रेक्षक घरी बसू लागले तेव्हा 1953 पासून सिनेमाने सिनेमास्कोपसारखे रुंद पडदे आणले. मग टीव्हीलाही रुंद व्हावं लागलं. जुनी 4 बाय 3 ची दृश्यं आणि सिनेमाची फार रुंद दृश्यं, दोन्ही बऱ्यापैकी मावतील असा मधला आकार म्हणून 16 बाय 9 निवडला गेला. फुल एचडीत त्याच्या 1080 रेषा असतात. बेअर्डने 1940 च्या दशकात मागितलेल्या आकड्याच्या हा किती जवळ आहे, हे लक्षात येतं. त्याच्या कॉलिझियमच्या पडद्यावर 2100 ठिपके होते, फुल एचडी पडद्यावर सुमारे 21 लाख असतात आणि फोरकेवर 83 लाख.

त्याला पडलेले प्रश्न आजही टीव्ही निवडताना कामाला येतात. रेषा किती हव्यात, हे अंतरावर ठरतं. साधारण नजरेच्या माणसाला पडद्याच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून फुल एचडीचे ठिपके वेगळे दिसेनासे होतात. फोरकेसाठी हेच अंतर उंचीच्या दीडपट असतं. 55 इंची टीव्हीची उंची सुमारे 68 सेंटीमीटर असते. म्हणजे सोफा 2 मीटरपेक्षा जवळ असेल तर फोरकेचा फायदा चांगला दिसतो. तोच सोफा 4 मीटरवर असेल तर निव्वळ रेषांमुळे पडणारा फरक डोळ्याला जवळपास जाणवत नाही.

आकाराचंही तसंच. इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात. जुन्या 29 इंची 4 बाय 3 टीव्हीइतकी उंची हवी असेल तर 16 बाय 9 मध्ये सुमारे 36 इंचांचा टीव्ही लागतो. त्यामुळे त्याच आकड्याचा नवा टीव्ही घेतला तर निवेदकाचा चेहरा आधीपेक्षा लहान दिसतो. घरी टीव्ही लावल्यावर जुन्या मालिकेच्या दोन्ही बाजूंना किंवा सिनेमाच्या वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या तर तो दोष नाही. ते चित्र त्याच्या मूळ आकारात आहे. बाजूच्या पट्ट्या घालवण्यासाठी चित्र ताणलं की माणसं रुंद आणि बुटकी दिसतात. सेटिंगमध्ये चित्राचं मूळ प्रमाण राखणारा पर्याय निवडावा. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीजवळ ठेवावा आणि दुकानाच्या झगझगाटासाठी असलेला चित्राचा प्रकार बदलून घरगुती किंवा सिनेमाचा प्रकार घ्यावा.

1930 मध्ये ग्राहकाला या सगळ्यासाठी दोन गुंड्या आणि भरपूर संयम लागायचा. आज वेग जुळवायचं आणि चित्र जागेवर बसवायचं काम टीव्ही आपलं आपण करतो. माणसाच्या हाती उरतं ते पडद्याचा आकार, बसायचं अंतर आणि चित्राचं प्रमाण ठरवणं. या तीन गोष्टींसाठीच बेअर्ड 20 वर्षं झगडला. त्याचं यंत्र चुकीच्या वाटेवर होतं, पण मोठं, स्वच्छ, रंगीत चित्र घराघरात पोहोचायला हवं, हा त्याचा आग्रह बरोबर होता.